व्हेनिस : चाकांविना चालणारे शहर

मोटार नाही, रिक्षा नाही, स्कूटर नाही आणि सायकलसुद्धा नाही. तरीही रुग्ण रुग्णालयात पोहोचतो, मंडईत भाजी येते, टपाल वाटले जाते आणि कचराही वेळेवर उचलला जातो. इटलीच्या ईशान्येस, एड्रियाटिक समुद्राच्या काठी वसलेल्या व्हेनिस नगरीत ही सारी कामे पाण्यावरून किंवा पायी होतात. सुमारे ५५० चौरस किलोमीटर विस्ताराच्या उथळ खाजणात शंभराहून अधिक लहान बेटे, त्यांच्यामधून वाहणारे दीडशेहून अधिक कालवे आणि बेटांना जोडणारे चारशेहून अधिक पूल, अशी या शहराची रचना आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने व्हेनिस व भोवतालच्या खाजणाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

युरोपच्या सहलीला निघालेल्या मराठी पर्यटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत या शहराच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. सकाळी बस, मग बोट, सान मार्कोचा चौक, गोंडोलातील छायाचित्र, काचकामाचे प्रात्यक्षिक आणि दुपारनंतर परतीचा रस्ता. अशा भेटीत व्हेनिस दिसते, पण उमगत नाही. शिवाय सर्वांनी एकाच वेळी, एकाच वाटेने येऊन लगेच निघून जाणे हे आज या शहराचे मोठे दुखणे होऊन बसले आहे. व्हेनिसला कसे जावे आणि तेथे कसे वावरावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सोयीचा राहिलेला नाही. त्याच्या उत्तरावर पर्यटकाच्या पदरी काय पडणार हे ठरते आणि शहराला काय सोसावे लागणार हेही.

पाणी हाच राजमार्ग

व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनच्या आक्रमणाने संपुष्टात आले. त्यापूर्वीची कित्येक शतके पूर्वेकडील मसाले, रेशीम आणि रत्ने युरोपात पोहोचवणारी ही प्रमुख बाजारपेठ होती. मुख्य भूमीला जोडणारा रेल्वेपूल १८४६ मध्ये, ऑस्ट्रियाच्या अमलात, खुला झाला. मोटारींसाठीचा रस्ता त्याच्या शेजारी १९३३ मध्ये आला. रेल्वेपूल होईपर्यंत या शहरात येणारा प्रत्येक जण होडीनेच येत असे. म्हणूनच येथील वाड्यांचे देखणे दर्शनी भाग कालव्याकडे तोंड करून आहेत आणि गल्लीतील दार हे एका अर्थाने मागील दार आहे. हे ध्यानात घेतले की शहर पाहण्याची रीत आपोआप ठरते. पुढची बाजू होडीतून पाहावी आणि आतले जग पायी.

महाराष्ट्रालाही हे शहर अगदीच परके नाही. व्हेनिसची सोन्याची 'दुकात' नाणी व्यापारातून भारतात आली. त्यांवर संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक 'डोज' यांच्या आकृती असत. या आकृतींमुळे आपल्याकडे त्या नाण्याला 'पुतळी' म्हणू लागले आणि मराठी स्त्रीच्या गळ्यातील पुतळ्यांच्या माळेत ते जाऊन बसले. व्हेनिसमध्ये जन्मलेला निकोलाओ मनुची सतराव्या शतकात भारतात आला. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत शिवाजी महाराजांशी आपले बोलणे झाल्याचे त्याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

कसे जाल?

भारतीय पारपत्रधारकांना इटलीसाठी शेंगेन व्हिसा आवश्यक आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावा लागतो. उन्हाळी सुट्टीच्या मोसमात भेटीच्या वेळा लवकर भरतात, हे लक्षात घेऊन पुरेसा अवधी ठेवणे हिताचे. किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन प्रदेशाच्या बाह्य सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. पहिल्या प्रवेशाच्या वेळी त्यासाठी थोडा अधिक वेळ हाताशी ठेवावा.

मुंबईहून आखाती देशांतील किंवा युरोपातील एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलून व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावर उतरता येते. हा विमानतळ मुख्य भूमीवर, खाजणाच्या काठाला आहे. तेथून शहरात जाण्याचे तीन मार्ग आहेत. बसने 'पिआत्साले रोमा' या चौकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते आणि हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे. 'अलीलागुना' कंपनीच्या प्रवासी बोटीने सान मार्कोपर्यंत जायला तासाहून अधिक वेळ लागतो, पण शहर समुद्रातून हळूहळू वर येताना दिसते. खासगी जलटॅक्सी थेट हॉटेलच्या धक्क्यावर सोडते. मात्र तिचे भाडे शंभर युरोंच्या वर जाते. युरोपातील काही स्वस्त विमान कंपन्या व्हेनिसच्या नावाने तिकीट देतात, पण प्रवाशाला त्रेव्हिझोच्या विमानतळावर उतरवतात. तेथून पुढे बसने यावे लागते.

इटलीत आधीपासून असलेल्यांना रेल्वे सर्वांत सोयीची. जलद गाडीने मिलानहून सुमारे अडीच तास, फ्लोरेन्सहून सव्वादोन तास आणि रोमहून सुमारे चार तास लागतात. तिकीट काढताना स्थानकाचे नाव नीट वाचावे. 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' हे मुख्य भूमीवरील स्थानक आहे. जुने शहर त्याच्या पुढचे 'व्हेनेत्सिया सांता लुचिया'. नवखे प्रवासी अनेकदा मेस्त्रेलाच उतरतात आणि कालवे शोधू लागतात. दोन्ही स्थानकांमध्ये सतत गाड्या असून अंतर दहा-बारा मिनिटांचे आहे. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तसे न केल्यास तिकीट असूनही दंड होतो.

मोटारीने येणाऱ्याचा रस्ता पिआत्साले रोमा किंवा त्रोंकेत्तो येथील वाहनतळावर संपतो. या दोन ठिकाणांमध्ये २०१० पासून उन्नत मार्गावरील छोटी स्वयंचलित गाडी धावते. वाहनतळाचे भाडे जबर असल्याने मोटार मेस्त्रेला ठेवून रेल्वे किंवा बसने पलीकडे जाणे शहाणपणाचे.

पत्ता शोधण्याची कला

जुने शहर सहा विभागांत वाटलेले आहे : सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नसून संपूर्ण विभागाला सलग दिलेले असतात. कास्तेल्लोमध्ये ते सहा हजारांच्या पुढे जातात. साहजिकच केवळ विभाग आणि क्रमांक ठाऊक असून हॉटेल सापडत नाही. जवळचा बोटथांबा, जवळचे चर्च आणि गल्लीचे नाव हॉटेलकडून आधीच विचारून घ्यावे.

रस्त्यांची नावेही येथे निराळी आहेत. 'काल्ले' म्हणजे गल्ली, 'काम्पो' म्हणजे चौक, 'रिओ' म्हणजे छोटा कालवा आणि 'फोंदामेंता' म्हणजे कालव्याच्या कडेची वाट. 'रिओ तेरा' हे नाव दिसले की तेथे पूर्वी कालवा होता आणि तो बुजवून रस्ता केला, असे समजावे. घराखालून बोगद्यासारखी जाणारी वाट म्हणजे 'सोतोपोर्तेगो'. ही नावे भिंतींवर पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांनी रंगवलेली असतात. याखेरीज रिआल्तो, सान मार्को, आकादेमिया आणि रेल्वे स्थानक यांची दिशा दाखवणारे पिवळे फलक जागोजागी आहेत. अरुंद गल्ल्यांत मोबाइलवरील नकाशा गोंधळतो आणि कित्येकदा थेट पाण्याच्या काठाशी आणून सोडतो. अशा वेळी हे जुने फलकच अधिक विश्वासाचे ठरतात.

वापोरेत्तो : पाण्यावरची बस

शहराच्या मधोमध उलट्या 'एस' अक्षरासारखा वळत जाणारा, सुमारे ३.८ किलोमीटर लांबीचा महाकालवा म्हणजे 'ग्रँड कॅनॉल'. त्यावर आज चारच पूल आहेत. त्यांतील दगडी रिआल्तो पूल १५९१ मध्ये पूर्ण झाला आणि १८५४ पर्यंत कालवा पायी ओलांडण्याचा तो एकमेव मार्ग होता. सर्वांत नवा पूल २००८ मध्ये पिआत्साले रोमाजवळ उभारला गेला.

या कालव्यातून आणि खाजणातून धावणाऱ्या सार्वजनिक बोटीला 'वापोरेत्तो' म्हणतात. मुंबईकरांच्या बेस्ट बसप्रमाणे तिला क्रमांक आणि ठरलेले थांबे आहेत. १ क्रमांकाची बोट ग्रँड कॅनॉलवरील जवळजवळ प्रत्येक थांबा घेत पिआत्साले रोमापासून सान मार्कोपर्यंत सुमारे पाऊण तासात जाते आणि पुढे लिदो बेट गाठते. २ क्रमांकाची बोट कमी थांबे घेते. ४.१, ४.२, ५.१ आणि ५.२ या बोटी शहराला बाहेरून वळसा घालतात. रात्री उशिरा 'एन' ही बोट असते.

तिकिटांचा हिशेब मात्र आधी मांडायला हवा. २०२४ मध्ये ७५ मिनिटे चालणारे एकेरी तिकीट साडेनऊ युरोंना होते. २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५ आणि सात दिवसांचा ६५ युरोंना मिळत असे. म्हणजे दिवसातून तीन वेळा बोटीत बसणार असाल तरच दिवसाचा पास परवडतो. अन्यथा पायी फिरावे. सहा ते २९ वर्षे वयाच्या प्रवाशांसाठी 'रोलिंग व्हेनिस' हे सवलतीचे कार्ड आहे. पास असला तरी प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी धक्क्यावरील यंत्राला तो टेकवावा लागतो. विमानतळावरून येणाऱ्या अलीलागुनाच्या बोटींना हा पास चालत नाही. मोठ्या थांब्यांवर निरनिराळ्या दिशांचे धक्के वेगवेगळे असतात, तेव्हा बोट सुटण्यापूर्वी फलकावरील अंतिम स्थानक वाचून घ्यावे.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास १ क्रमांकाच्या बोटीत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बसावे. व्हेनिसचा दर्शनी भाग पाहण्याचा याहून स्वस्त आणि चांगला मार्ग नाही.

गोंडोला आणि त्रागेत्तो

सुमारे अकरा मीटर लांबीची, काळ्या रंगाची गोंडोला मुद्दाम तिरपी बांधलेली असते. तिची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते, कारण एकच नाविक एका बाजूने वल्हवतो आणि या तिरकसपणामुळे नाव सरळ जाते. तिचे दर नगरपालिकेने ठरवलेले आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि रात्री ३५ मिनिटांना ११० युरो असा दर लागू झाला. हा दर माणशी नसून संपूर्ण नावेचा आहे आणि नावेत पाच जणांपर्यंत बसता येते. फेरीचा मार्ग, वेळ आणि रक्कम पाय ठेवण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. ग्रँड कॅनॉलच्या गर्दीपेक्षा आतल्या शांत कालव्यांतील फेरी अधिक समाधान देते.

एवढा खर्च नको असल्यास 'त्रागेत्तो' आहे. पूल दूर असलेल्या ठिकाणी दोन वल्हेकरी साध्या गोंडोलातून लोकांना ग्रँड कॅनॉल पार करून देतात. रिआल्तोच्या मंडईसमोरील सांता सोफिया हा त्यांपैकी परिचित उतार. पर्यटकांना यासाठी दोन युरो पडत. प्रवास मिनिटा-दोन मिनिटांचाच, पण बाजाराची पिशवी घेतलेल्या स्थानिकांच्या सोबतीचा.

पायी फिरताना

सांता लुचिया स्थानकापासून सान मार्कोचा चौक पायी अर्ध्या-पाऊण तासावर आहे. मात्र जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. जड बॅगा घेऊन आठ-दहा पूल चढणे-उतरणे म्हणजे सहलीचा पहिलाच दिवस वाया घालवणे होय. त्यामुळे सामान कमी न्यावे, ते स्थानकावरील सामानघरात ठेवावे किंवा बोटथांब्याजवळचे हॉटेल निवडावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी पुलांची संख्या मोजून मार्ग आखावा. १ आणि २ क्रमांकांच्या बोटींत चाकाच्या खुर्चीला जागा असते आणि बोटथांब्यालगतची बरीच ठिकाणे एकही पूल न चढता गाठता येतात.

सान मार्कोचे बॅसिलिका, डोजचा राजवाडा आणि १९०२ मध्ये कोसळून १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिलेला घंटामनोरा हे सर्वांनाच पाहायचे असते. तेथे सकाळी लवकर जावे आणि तिकिटे आधी काढून ठेवावीत. त्यानंतर पिवळे फलक सोडून द्यावेत. कान्नारेजोमधील ज्यूंची जुनी वस्ती १५१६ मध्ये वसवली गेली आणि जगभर वापरला जाणारा 'घेट्टो' हा शब्द तेथूनच आला. दोर्सोदुरोच्या दक्षिणेची झात्तेरे ही लांबलचक कालवाकाठची वाट संध्याकाळी फिरण्यासाठी उत्तम. रिआल्तोची मंडई सकाळीच गाठावी. ती रविवारी बंद असते आणि मासळीबाजार सोमवारीही भरत नाही. चौकाचौकांतील नळांचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटली भरून घेता येते.

बेटांवर

फोंदामेंते नोवे येथील धक्क्यावरून मुरानो बेट सुमारे दहा मिनिटांवर आहे. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये शहरातील काचभट्ट्या येथे हलवण्यात आल्या. १२ क्रमांकाची बोट पुढे रंगीत घरांच्या आणि लेसच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या बुरानोला पाऊण तासात नेते. शेजारच्या तोर्चेल्लो बेटावर सातव्या शतकात स्थापन झालेले कॅथेड्रल आहे. व्हेनिस भरभराटीला येण्यापूर्वी गजबजलेले हे बेट आता जवळजवळ निर्मनुष्य आहे. बेटांसाठी स्वतंत्र दिवस काढावा आणि त्याच दिवशी पास घ्यावा, म्हणजे पैसे वसूल होतात. 'मोफत' बोटीने काचकारखान्यात नेणाऱ्यांचा हेतू विक्रीचा असतो, याचे भान ठेवावे.

केव्हा जाल?

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा सुखद काळ, पण गर्दीचाही. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि डास त्रास देतात. नोव्हेंबरपासून कार्निव्हलपर्यंतच्या थंडीत धुके असते, हॉटेले स्वस्त होतात आणि शहर स्वतःला परत मिळते. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ऐतिहासिक नौकाशर्यतीमुळे ग्रँड कॅनॉलवरील बोटसेवा काही तास थांबते किंवा वळवली जाते.

शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत मोठ्या भरतीचे पाणी शहरात शिरण्याची शक्यता असते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी ते १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले होते, तर १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटिमीटरपर्यंत. खाजणाच्या तीन मुखांवर बसवलेले 'मोसे' प्रकल्पाचे ७८ दरवाजे ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रत्यक्ष भरतीच्या वेळी प्रथमच उचलले गेले आणि शहर कोरडे राहिले. तेव्हापासून बहुतेक मोठे पूर टळले आहेत. तरी मध्यम भरतीत सान मार्कोच्या सखल चौकात पाणी साचू शकते.

प्रवेशशुल्क आणि नियम

२५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर प्रवेशशुल्क बसवले. त्या वर्षी ते २९ दिवसांपुरते आणि पाच युरो होते. २०२५ मध्ये ते ५४ दिवसांसाठी लागू झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांना दहा युरो पडले. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार अशी होती. १४ वर्षांखालील मुलांना, तसेच शहराच्या हद्दीतील हॉटेलात मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क नाही. मात्र मुक्कामी पाहुण्यांनाही संकेतस्थळावर सवलतीची नोंद करावी लागते. दिवस दरवर्षी नव्याने ठरत असल्याने निघण्यापूर्वी नगरपालिकेचे संकेतस्थळ पाहणे आवश्यक आहे.

कालव्यात पोहणे, पुलांच्या पायऱ्यांवर बसून खाणे आणि सान मार्कोच्या चौकात कबुतरांना दाणे घालणे या गोष्टींना दंड आहे. ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरील प्रवासी जहाजांना सान मार्कोसमोरून जाण्यास बंदी झाली. २०२४ पासून वाटाड्यांना २५ हून अधिक जणांचा गट नेण्यास आणि ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई झाली. गटाने जाणाऱ्यांनी आपल्या सहल कंपनीला याविषयी आधीच विचारावे.

कुठे राहाल?

या नियमांमागे एक साधे गणित आहे. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती संख्या ५० हजारांच्या खाली गेली. घरे पाहुण्यांसाठी भाड्याने दिली जातात, किराणा दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकाने येतात आणि रहिवासी मेस्त्रेला स्थलांतर करतात. दुसरीकडे, काही तासांसाठी येणारा पाहुणा खर्च थोडा करतो आणि गर्दी मात्र मोठी करतो.

मेस्त्रेतील हॉटेल स्वस्त पडते हे खरे. कुटुंबासह येणाऱ्याला तो विचार करावाच लागतो, आणि मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेच्याच हद्दीत असल्याने तेथे राहणाऱ्यालाही प्रवेशशुल्क पडत नाही. तथापि एक रात्र जरी जुन्या शहरात, शक्यतो कान्नारेजो किंवा कास्तेल्लोच्या आतल्या भागात, परवानाधारक हॉटेलात काढता आली, तर सहलीचे मोल वाढते. संध्याकाळी सहानंतर दिवसाचे पाहुणे परततात आणि चौकांत मुले चेंडू खेळू लागतात. पहाटे भाजीच्या होड्या येतात, कचरा उचलणारे हातगाड्या ढकलत पूल चढतात, शाळकरी मुले वापोरेत्तो पकडतात. अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमात न दिसणारे हे व्हेनिस त्यासाठी एका रात्रीखेरीज वेगळे काही मागत नाही.